जे नाव तोंडात आलं नाही

ये गं पोरी, कागदावरून का होईना, जवळ सरक. तो फोन आधी खाली ठेव. तुझी आई सांगत होती, नांदेडला दवाखान्यात जागा निघाल्यात आणि तू म्हणतेस, "अजून आठ दिवस हायेत की." आठ दिवस! आणि वर लग्नात नाव बदलायला तयार झालीस म्हणे, सासरच्यांना हौस म्हणून. शिकून शहाणी झालीस ना गं? मग मावशी काय करून बसली ते ऐक.

माझ्या सुनेचं माहेर हदगावकडचं. पोरगी बारावी पास. स्थळ पसंत पडलं, पण एक अडचण निघाली. तिचं नाव आणि माझ्या सासूचं नाव एकच. सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ते नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. ती असताना नाही, गेल्यावरही नाही. मग सुनेला हाक कशी मारणार? सासूच्या नावानं "अगं, चहा ठेव" म्हणून ओरडणार? लग्नात ताटात तांदूळ पसरले, लेकानं अंगठीनं नवं नाव लिहिलं. ते मीच निवडलं होतं. पोरगी लाजून हसली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग आधारवर, रेशन कार्डावर, मतदार यादीत, सगळीकडं नवं नाव चढलं. मार्कशीट तेवढी जुन्या नावानं पेटीत पडून राहिली.

पुढं माझा लेक मोटारसायकलवरून पडला तो उठलाच नाही. नात तेव्हा तीन वर्षांची. सून लोकांच्या वावरात सोयाबीन काढायला जायला लागली. उन्हात तिला चक्कर यायची, बांधावर दोन घडी बसायची, परत उठायची.

एका शनिवारी मी दळण घेऊन निघाले, तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद दिसला. मी अक्षरं शिकले ती लेकाच्या पहिलीच्या पुस्तकातून, त्यामुळं बोट ठेवून ठेवून वाचते. आमच्याच गावच्या अंगणवाडीत मदतनीस पाहिजे. बारावी पास, गावचीच रहिवासी, विधवेला जादा गुण. अंगणवाडी आमच्यापासून तीन घरं सोडून! नात दिवसभर डोळ्यासमोर राहिली असती. मग तारीख वाचली. सोमवार शेवटचा. कागद कोण जाणे कधीचा लागला होता, गोंद पार वाळून गेला होता. दळण गिरणीवर टाकलं आणि वावराकडं पळत सुटले.

रविवारी ग्रामसेवकाच्या घरी बसून रहिवासी दाखला काढला. सोमवारी पहिल्या बसनं तालुक्याला. अंगणवाडीच्या कचेरीत आमचा नंबर येईस्तोवर दुपार कलली. खिडकीतल्या माणसानं कागद चाळले.

"आजी, मार्कशीटवरची बाई वेगळी, आधारवरची वेगळी."

"एकच हाय की ओ साहेब. ही काय, तुमच्यापुढं उभी हाय."

"मला दिसून राहिलं. कागदाला दिसत न्हाई ना." भला माणूस होता. पाच वाजायच्या आत शपथपत्र करून आणा, म्हणाला.

सून अस्सल कागद घेऊन झेरॉक्सच्या रांगेत थांबली, मी टाइप करणाऱ्यापुढं बसले. नवं नाव त्यानं पटकन टाइप केलं. "लग्नाआधीचं?"

मी मार्कशीटच्या जुन्या झेरॉक्सवर बोट ठेवलं.

"लई फिकं आलंय. तोंडानं सांगा."

मी परत त्याच झेरॉक्सवर बोट टेकवलं.

"सुनेचं नाव ठाऊक न्हाई का, आजी?" मागं उभी असलेली माणसं हसली.

"ठाऊक हाय. पण माझ्या सासूचंबी तेच हाय."

"मग? सासू काय इथं बसून ऐकून राहिली का?"

सगळे आणखी हसले. मी पदर तोंडाला लावला. जीभ वळलीच नाही गं. त्यानं डोळे बारीक करून काहीतरी टाइप केलं आणि विचारलं, "हेच ना?" मी मान हलवली. फळ्यावरचा कागद अक्षर अक्षर वाचणारी मी, तो एक शब्द वाचला नाही. पाचला दहा कमी होते. सून धावत आली, दाखवलं तिथं सही केली, आणि आम्ही खिडकीकडं पळालो.

यादी लागली तेव्हा तिच्या नावापुढं लिहिलं होतं, अपात्र. कारण, नावात तफावत. शपथपत्रात एक अक्षर भलतंच पडलं होतं. तफावत हा शब्द मी तेव्हा शिकले. तीन कागदांवर तीन बाया, आणि चुलीपुढं बसलेली माझी एकटी सून. जागा गावातल्या दुसऱ्या पोरीला मिळाली. तिच्यावर माझा राग नाही, तिचे कागद सारखे होते.

सुनेनं एवढंच विचारलं, "आत्याबाई, तुम्ही त्याला नाव नीट सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

आता ती लातूरला आहे. शिकवणीसाठी राहणाऱ्या पोरींच्या वसतिगृहात पोळ्या लाटते. तिथं कुणी मार्कशीट मागितली नाही. नात माझ्याजवळ असते. सून निघाली त्या दिवशी बसच्या खिडकीखाली उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं, मोठ्यानं. तिनं वळून बघितलं नाही. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नसेल, नाहीतर ती हाक आपल्याला आहे असं तिला वाटलंच नसेल. नातीनं मात्र विचारलं, "आजी, कुणाला बोलवून राहिलीस?"

तुझा अर्ज आजच भर. सगळे कागद एका नावाचे आहेत का ते बघ, आणि नावाचं सासरी स्पष्ट सांग. बैलपोळ्याला सून दोन दिवस येणार आहे. त्या टाइप करणाऱ्यापुढं मी गप्प बसले होते, हे तिला सांगायचंय. एकटीनं धीर होत नाही. तू ये माझ्याजवळ बसायला. पोळ्याच्या आधीच ये, लवकर ये.