एक थोबाडीत हवी होती

तरुणपणी देवाकडे माझं एकच मागणं होतं: नवऱ्याने मला एक थोबाडीत मारावी. फार जोरात नको, पण खूण उठेल इतकी. सव्वीस वर्षांची घोडी, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी, आणि प्रार्थनेत हे! आज आठवलं की त्या बाईची वेणी धरून ओढावीशी वाटते.

नवरा सातपूरला कारखान्यात फिटर. शनिवारी पहिली पाळी सुटली की त्यांची स्कूटर घराकडे न वळता देवळाली कॅम्पकडे जायची. तिथे एक बाई होती. मला ठाऊक होतं, शेजारणीला ठाऊक होतं, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही ठाऊक असावं. रविवारी सकाळी आठला स्वारी परत. अंघोळ, पांढरा सदरा, हातात गीतांचं पुस्तक. आमच्याकडे उपासनेला बाया डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. मी डावीकडून त्यांची मान बघत बसायचे. गाताना आवाज कसा स्वच्छ लागायचा त्यांचा!

तीन वर्षं बघितलं. मग एक दिवस तान्ह्या मुलाला शेजारी ठेवलं आणि पदर खोचून वकिलाकडे गेले. वकील तरुण होता, आमच्याच मंडळीतला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मारतात का?"

"छे हो! माणूस सभ्य आहे."

"शिवीगाळ? उपाशी ठेवणं?"

"नाही."

"घर सोडून गेलेत? सलग दोन वर्षं?"

"रविवारी येतात ना. उपासना चुकवत नाहीत."

त्याने पेनाला टोपण लावलं. "मग अवघड आहे, बाई."

आम्हा ख्रिस्ती लोकांचा तेव्हाचा कायदा त्याने समजावून सांगितला. बायकोचं पाऊल वाकडं पडलं तर घटस्फोटाला नवऱ्याला तेवढं एकच कारण पुरे. नवऱ्याचं पडलं तर बायकोने त्यावर आणखी काही आणायचं: मारहाण, छळ, नाहीतर दोन वर्षं टाकून देणं.

"आणि माझ्या जागी ते असते तर?"

"तर अर्ज आजच टाइप झाला असता," तो म्हणाला आणि टेबलाकडे बघू लागला.

कायद्यापुढे सगळे समान, असं मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. शहाणी बाई कायद्याला शिव्या देत घरी आली असती. मी काय ठरवत आले? एक थोबाडीत कमी पडतेय ना? मिळवू!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चहात दोन चमचे मीठ घातलं आणि गाल जरा पुढे करून समोर उभी राहिले. त्यांनी कप संपवला, बशीत उपडा ठेवला आणि पाळीला गेले. मग मी स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात पुरली. ते बसने गेले. त्यांचा लाडका रेडिओ पाडला. "तुला लागलं नाही ना?" एवढंच विचारलं. शेवटी नाताळच्या करंज्या तळताना मी सासूचा उद्धार सुरू केला, तो तिच्या आजीपर्यंत नेला. ते दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "अगं, करपतायत."

तिथे मी हरले. करंज्या खरंच करपल्या होत्या.

नात हे फोनवर ऐकते आणि हसून हसून लोळते. एक गोष्ट मात्र मी तिला सांगत नाही. घरात आपल्यावर चिडणारंसुद्धा कुणी नसावं, हे फार वाईट. चिडायला समोरचं माणूस दिसावं लागतं, आणि मी त्यांना दिसतच नाही, अशी माझी खात्री झाली होती.

पुढची पंचवीसेक वर्षं तशीच गेली. मुलगा शिकला, बंगलोरला गेला. आम्ही दोघं गॅस आला का, पाणी गेलं का, एवढंच बोलायचो. आणि खोटं कशाला सांगू, रविवारी सकाळी स्कूटरच्या आवाजाकडे माझे कान लागलेले असायचे.

मग एक दिवस वकिलाचा फोन आला. तोही आता पिकला होता.

"बाई, कायदा बदलला. नवऱ्याला जे कारण पुरायचं तेच आता बायकोलाही पुरतं. थोबाडीत नको!"

त्याला कसं आठवत होतं? मधे एकदा मीच जाऊन विचारून आले होते, एक चालेल की दोन लागतील म्हणून.

माझी पन्नाशी उलटलेली. "आता कशाला, आई?" मुलगा म्हणाला. मी अर्ज केला.

नवऱ्याने काही नाकारलं नाही. पुकारा व्हायची वाट बघत कोर्टातल्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. चर्चमध्ये इतक्या वर्षांत असे कधी बसलो नव्हतो. मला राहवेना.

"तो मिठाचा चहा आठवतो?"

"पहिल्याच घोटाला कळलं होतं."

"मग हाणली का नाहीत एक? तेव्हाच सुटले असते मी."

ते हातातल्या रुमालाची घडी करत राहिले. "पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं. काही झालं तरी हात उगारू नकोस, म्हणजे तिला कोर्टात जाता येणार नाही."

म्हणजे मी दिसत होते. किल्ली, रेडिओ, पुढे केलेला गाल, सगळं दिसत होतं. सभ्य माणूस, असं मीच वकिलाला सांगून आले होते! आत बोलावलं तेव्हा मी बाकावरून उठले. मला आधार द्यायला त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला नाही.

घटस्फोट मिळाला. पुढच्या रविवारी डावीकडच्या बाकावर बाया माझ्यापासून हातभर सरकून बसल्या. उजवीकडे त्यांना जागा करून द्यायला दोघं उठले.

आता ते नाहीत. मी गंगापूर रोडला दोन खोल्यांत राहते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि साखर-मिठाच्या बरण्या सारख्याच. परवा चहात मीठ पडलं. ओतून देणार होते, पण म्हटलं, बघू तरी, चेहरा न हलवता हे कसं पितात. कप घेऊन खुर्चीत ताठ बसले. दुसऱ्याच घोटाला तोंड असं वाकडं झालं की मला हसूच फुटलं. समोर बघितलं. कुणी नव्हतं.