आदल्या दिवशीचा सांगावा

आमच्या वारसा फेरीत चाचा स्वतः कधी एक अक्षर इतिहास सांगायचे नाहीत. पाणी सोडायची लांब लोखंडी चावी काठीसारखी टेकत सगळ्यांच्या मागून चालायचे. उभी हयात त्यांनी नळाला पाणी सोडायच्या नोकरीत काढलेली. आमच्या शहरात पाणी किती दिवसाआड येतं ते विचारूच नका, पण त्यामुळं चावीवाल्याला घरोघरी मान. उद्या पाणी येणार, हे आदल्या दिवशी दारोदार सांगायची त्यांची सवय निवृत्तीनंतर आमच्या फेरीला लागली.

महिन्यातल्या एका रविवारी मी माणसं घेऊन जुन्या गल्ल्यांमधून हिंडायची. शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळं बोलायची खाज भारी. चाचा शनिवारीच प्रत्येक दारात जाऊन यायचे. "उद्या पाहुणे येतील, चालंल ना?" एवढंच विचारायचे. मग रविवारी कौसरआपा आपल्या अंगणातल्या बंब्याची, म्हणजे जुन्या भुयारी नहरीचं पाणी वर चढवणाऱ्या मनोऱ्याची गोष्ट स्वतः सांगायच्या आणि वर माठातलं गार पाणी पाजायच्या. मी मध्ये तोंड घातलं की चाचा म्हणायचे, "बेटी, ज्याचा उंबरा, त्यानं सांगावं."

पुढं फेरीला गर्दी वाढली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. भोंगा आणला, व्हॉट्सअॅपचा ग्रुप केला. एका शनिवारी चाचांना सांगून टाकलं, "आता नका पायपीट करू. ग्रुपवर मेसेज टाकलाय, सगळ्यांना कळलंय." 

दुसऱ्या दिवशी शंभरेक माणसं आणि भोंगा घेऊन मी कोपऱ्यावरून वळले, तर समोरच्या घरात मय्यत. दारात माणसं खाली मान घालून उभी, आणि माझा आवाज गल्लीभर घुमतोय! चाचांनी माझ्या हातातला भोंगा काढून घेतला, पुढं होऊन हात जोडले आणि सगळी फेरी माघारी वळवली. मला म्हणाले, "मेसेज आपल्या लोकांना गेला, बेटी. ज्यांच्या दारात यायचं, त्यांना कुठं गेला?"

चूक माझी होती. पण चारचौघांत बोलले ना, ते झोंबलं मला. "तुमच्यामुळं माझा कार्यक्रम बुडाला," असं सगळ्यांसमोर फाडकन बोलून बसले. त्या दिवसापासून चाचा फेरीला आले नाहीत. माफी मागायला जायचं हे मनात होतंच, पण आज परीक्षा, उद्या पाहुणे, असं करत वर्ष गेलं. चाचांचं घर छावणीत, आणि छावणी काय लंडनला आहे? रिक्षानं वीस मिनिटं लागतात.

फेरी मात्र जोरात चालली होती. दारं उघडी, अंगणं झाडलेली, कौसरआपांचा माठ भरलेला. हे सगळं माझ्या मेसेजचं यश, असं मी खुशाल समजत होते.

चाचा गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. पुढच्या रविवारी फेरी घेऊन गेले तर गल्लीतली सगळी दारं बंद. कडी वाजवल्यावर कौसरआपा डोळे चोळत बाहेर आल्या.

"अगं, आज हाय व्हय? काल सांगायला कुणी आलंच नाय. दर टायमाला चाचा यायचे ना."

"चाचा? ते तर वर्षभर आलेच नाहीत."

"रविवारी नसतील येत. शनिवारी कधी चुकले नाय. मागच्या खेपेला तर लई धाप लागली होती. ह्या पायरीवर बसले अन् म्हणले, 'उद्या माझी बेटी येणार हाय, माठ भरून ठेवा.'"

मी त्या पायरीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

आता शनिवारी मीच दारोदार जाते. चाचींनी ती चावी मला दिली आहे. सगळ्यात आधी छावणीत त्यांचं दार वाजवते आणि म्हणते, "चाची, उद्या फेरी आहे." आमची फेरी छावणीतून जातच नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तरी त्या दर वेळी म्हणतात, "सांगते त्यांना."