चालचलनाचा रकाना

मला याद्या करायची सवय आहे, आणि ती जुनी आहे. सोलापुरात गिरणीच्या कचेरीत असताना लग्नाच्या याद्याही मीच लिहीत असे. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसायची, कोणी काय आणायचं ते कागदावर यायचं आणि खाली सह्या व्हायच्या. आमच्या खात्यातल्या पाच-सहा जणांच्या याद्या माझ्या अक्षरात आहेत. म्हणून माझा मित्र मुली बघायला लागला, तेव्हा वही माझ्याकडे आली याचं कोणालाच नवल वाटलं नाही. त्यालाही नाही आणि मलाही नाही.

त्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या मध्याला, आम्ही दोघं सत्तावीस वर्षांचे होतो. कचेरीत आमची टेबलं शेजारी होती आणि राहायला एकच खोली होती. तो मंद्रूपचा. मुलगी बघायला मी बरोबर जायचो आणि परतीच्या एस.टी.त तो सांगेल ते वहीत लिहायचो. रकाने मीच आखले होते: उंची, वर्ण, शिक्षण, स्वयंपाक, घरची माणसं आणि शेवटचा, चालचलन. हा शेवटचा रकाना गावातल्या ऐकीव माहितीवर भरायचा. माळशिरसपर्यंत जाऊन अकरा मुली बघून झाल्या होत्या.

बारावी अक्कलकोटची. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. जाताना एस.टी.त तिच्या गावचा एक माणूस भेटला. त्याने जे सांगितलं ते मी तिथेच, उभ्या उभ्या लिहून घेतलं. त्या शनिवारी येताना मात्र मित्र खिडकीबाहेर बघत बसला. मी पेन काढलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हिचं काय लिवायचं न्हाई."

"म्हणजे पसंत?"

"लई बोलतोस तू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे सकाळच्या खेळाला गेलो. रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे लागायचे, फक्त प्रौढांसाठी. रांगेत ओळखीचं कोणी दिसलं की माणसं तोंडाला रुमाल लावायची. त्या दिवशीच्या सिनेमात दोन मित्र होते, एका घरात राहणारे. बायकांविषयी एकमेकांना सगळं सांगायचे, हसायचे. थिएटरात शिट्ट्या चालू होत्या. मग त्यातल्या एकाचं एका बाईवर मन बसतं. दोघे तिच्याबद्दल बोलत असतात आणि ती शेजारच्या खोलीतून सगळं ऐकते. आम्हाला वाटलं आता रडेल, भांडेल. तिने बॅग भरली आणि निघून गेली. पुढचा अर्धा तास ते दोघे नुसते एकमेकांसमोर बसलेले. शिट्ट्या थांबल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "पैसे पाण्यात की रे."

बाहेर उन्हात आल्यावर मित्राने विचारलं, "वही कुटं हाय?"

"पिशवीत."

"जाळून टाकू."

खोलीवर येऊन पिशवी उलटी केली. वही नव्हती. मी जागच्या जागी बसून कालचा सगळा दिवस क्रमाने आठवला. त्यांच्या घरात शिरताना वही हातातच होती. पोह्यांची बशी पुढे आली, तेव्हा ती मी लोडाखाली सरकवली. बशी परत दिली, पाणी प्यालो, नमस्कार केला आणि उठलो.

मित्र उठला. शर्ट बदलला आणि म्हणाला, "चल."

अक्कलकोटला पोचेपर्यंत त्याने दोनदाच तोंड उघडलं. एकदा विचारलं, "तिचं काय लिवलंस?" मी सांगितलं. नंतर बऱ्याच वेळाने, "उघडली नसंल. परक्याची वही कोन उघडतंय?" मी हो म्हणालो. शिक्षिका वही उघडणार नाही, असं आम्हा दोघांनाही खरंच वाटत नव्हतं.

तिचे वडील कामासाठी बाजारात गेले होते. आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. मुलगीच पुढे आली.

"वही ना? बसा."

आम्ही कालच्याच जागी बसलो. ती वही घेऊन समोर बसली आणि शाळेत वाचतात तशी स्वच्छ आवाजात वाचू लागली. "नंबर बारा. चालचलन: कॉलेजात असताना एका मुलाच्या सायकलवर दिसली, चौकशी करणे." तिने वर बघितलं. "तो मावसभाऊ होता म्हटलं की तुमचं समाधान होईल. पण तो मावसभाऊ नव्हता. दोनदा बसले. पुढे काही नाही."

आईने कन्नडमध्ये तिला काहीतरी दटावलं. "थांब अव्वा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "अक्षर तुमचं आहे ना?"

"हो."

"माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्याही इतक्या नीट नसतात. या बारा जणींखाली आता यांचं नाव लिहा. उंची दिसतेच आहे. शेवटचा रकाना तेवढा भरा. तुम्हाला माहीत असणार."

तिने पेन पुढे केलं आणि मी ते घेतलं.

मला माहीत होतं. गिरणीत सुताच्या कांड्या भरण्याच्या खात्यात एक विधवा बाई होती. मित्र दोन वर्षं तिच्याकडे जात होता. त्याच्या आईने लग्नाचा विषय काढला तसं त्याने जाणं थांबवलं. महिन्याभरात ती काम सोडून भावाकडे निघून गेली. हे मला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. 'चांगले' एवढा एक शब्द लिहिला की काम होणार होतं. मित्र माझ्याकडे बघत होता आणि त्याला दुसरं काहीही नको होतं.

मी पेनला टोपण लावलं. "ते इथेच बसलेत," मी म्हणालो. "त्यांनाच विचारा."

बोलता बोलताच मला कळलं, की हेही एक उत्तरच झालं.

मित्राने मांडी सोडली. तो उठेल असं मला वाटलं. तो उठला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "एक बाई हुती. गिरणीतली. दोन वर्सं."

सुपातले हात थांबले.

"लग्न का नाही केलंत?"

"घरी सांगायचा धीर झाला न्हाई."

"आणि तिला काय सांगितलंत?"

"काय न्हाई. जायचं बंद केलं."

तिने वही मिटली. मग ती मांडीवर घेऊन वर हात ठेवला. "ही मिळणार नाही," म्हणाली. "तुमची गाडी साडेचारला आहे."

परतताना एस.टी.त मित्र माझ्या शेजारी बसला नाही. वळसंगला गाडी रिकामी झाली, तेव्हा येऊन बसला.

"एक शब्द लिवायचा हुता. दोन सेकंदाचं काम."

"खोटं झालं असतं."

"अकराजणींचं लिवलंस ते सगळं खरं हुतं व्हय?"

त्यांच्यापैकी कोणालाच मी काही विचारलं नव्हतं. 

ते आठ दिवस आम्ही एकाच खोलीत राहिलो आणि जरुरीपुरतं बोललो. जेवलास का, भोंगा झाला, किल्ली कुठे आहे. नवव्या दिवशी कचेरीच्या पत्त्यावर पत्र आलं. त्याने ते तीनदा वाचलं आणि खालचा भाग आत दुमडून माझ्यापुढे धरलं. होकार होता, आणि कारण एका ओळीत दिलं होतं: विचारल्यावर तुम्ही सांगितलंत.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

तो टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत राहिला. "यादी लिवायला दुसरा मानूस आना म्हणती."

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो. तेव्हा मला ते तसं वाटलं नव्हतं. ती मला घराबाहेर ठेवत होती आणि तो ते मान्य करत होता, एवढंच मला दिसत होतं. ती बरोबर होती हे पटायला पुढे काही वर्षं गेली. तोवर मला स्वतःला मुलगी झाली होती.

यादीच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो. त्याचा चुलता लिहीत होता. कागदाची एक बाजू संपेपर्यंत यादीत अंतरपाट आला नाही, दुसरी संपली तरी आला नाही. तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला. लिहू नको म्हटल्यावर सांगणंही त्यातच आलं.

लग्नाला जाताना एक कोरं धोतर पिशवीत टाकलं. मंगलाष्टकांच्या आधी भटजींनी अंतरपाट मागितला आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी म्हणालं टॉवेल आणा, कोणी म्हणालं चादर. मी धोतर चुलत्याच्या हातात दिलं आणि परत मागे गेलो. दोन जणांनी ते मध्ये धरलं. एका बाजूला ती, एका बाजूला तो. त्याने धोतराचा काठ पाहिला. ते आम्ही दोघांनी मिळूनच घेतलं होतं. मान न वळवता त्याने डोळ्यांनी मला गर्दीत शोधलं.

चार दिवसांनी कामावर गेलो तर धोतर माझ्या टेबलावर होतं. धुतलेलं, नीळ दिलेलं, काठाला काठ जुळवून घडी घातलेलं. अशी घडी मित्राला कधीच जमली नव्हती.

वही मात्र आली नाही. मीही मागितली नाही.