कॉलेज बघायचं तर कँटीनपासून

मंडळी, आज सकाळी पूजाला, म्हणजे माझ्या भाचीला घेऊन विश्रांतवाडीच्या बाजूचं एक कम्युनिटी कॉलेज बघून आलो. बारावीनंतर तिचं एक वर्ष वाया गेलंय, दुसरं घालवायचं नव्हतं.

कॉलेजच्या ऑफिसातले सर म्हणाले, "आमचा कॉम्प्युटरचा कोर्स एक नंबर!" पूजा खूश. मी मान डोलावली आणि तिला सरळ कँटीनमध्ये नेलं. मोटार वाइंडिंग, म्हणजे पंपाच्या जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं काम, मी दुकानात बसून, ऐकून ऐकून शिकलो. त्यामुळे माहितीपत्रकापेक्षा कानांवर भरवसा जास्त.

चहावाल्या मावशींना विचारलं, "कुठला कोर्स बरा हो?"

"मला काय कळतंय, दादा? कॉम्प्युटरची पोरं दिवसभर इथंच बसलेली असतात. इलेक्ट्रिकलची फक्त सुट्टीत येतात, तीही काळ्या हातांनी. आधी साबण मागतात, मग चहा."

पूजा उठली आणि इलेक्ट्रिकलच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथल्या मॅडमनी तिला पंपाची एक जुनी मोटार उघडायला दिली म्हणे. तासाभराने परत आली, तर मावशींनी न विचारताच साबण पुढे केला.

इलेक्ट्रिकलचा फॉर्म भरूनच निघालो. मावशी, तुमचे उपकार!

कॉलेज बघायला गेलात की तुम्ही कुणाला विचारता?