माध्यम : काळा दगड, टाकीकाम

"बाई, तुमचं नाव काय?"

हा प्रश्न मी माझ्या आईला विचारला. हातात माईक घेऊन. शंभर-दीडशे माणसांसमोर.

ती कलाकेंद्राच्या हिरवळीवर पोतं अंथरून बसली होती. पुढ्यात पाटा. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात टाकी, म्हणजे पोलादाची बोटभर छिन्नी. वाटून वाटून गुळगुळीत झालेल्या पाट्याला ती ठोके देऊन पुन्हा खरबरीत करत होती. भोवती पाहुण्यांचं कडं. प्रदर्शनाचं नाव होतं 'हरवत चाललेले हात'.

"हिला मराठी येतं का?" एकानं विचारलं.

"येत असेल की. सोलापुरातलीच आहे."

"चष्मा नाही बघा हिला. आपल्याला सुई ओवता येत नाही."

"ओ मावशी, इकडं बघा. हसा की जरा!" एक जण मोबाईल वर धरून म्हणाला.

संचालक सरांनी मला खूण केली. या केंद्रात मी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेत होते. प्रदर्शनांच्या पाट्या लिहीत होते. मराठी बरं बोलते म्हणून सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात. "मॅडम, बोलतं करा तिला," सर म्हणाले.

तेव्हा मी विचारलं.

अम्मानं वर बघितलं. हातोडी हवेतच राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, अगं ए, येडी झालीस का. तसं म्हणाली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

तिनं पदर सारखा केला. "यल्लव्वा, मॅडम," म्हणाली.

"किती वर्षं करता हे काम?"

"लई वर्सं झाली की, मॅडम. लेकरू शिकलं ह्याच्यावर."

"मुलगा का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"लेक हाय. एकच."

"काय करते?"

अम्मानं मान खाली घातली आणि पाट्यावर ठोका मारला. "असती तिच्या घरी. चांगलं हाय तिचं."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग भाषणं झाली. तासभर. मांडवात मागच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. अम्मा उन्हात पोत्यावरच बसून राहिली, कारण तिला कुणी उठ म्हणालं नाही. मार्च संपत आलेला. सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. मी माईकजवळ उभी होते. पंख्याच्या वाऱ्यात.

मला कुणी भाग पाडलं नव्हतं. हे आधीच सांगते. कारण दोष दुसऱ्यावर ढकलायची सवय मला फार जुनी.

आम्ही वडार. दगडाचं काम. मी चौथीत असताना वडील खाणीत सुरुंगात गेले. मग अम्मा टाकी घेऊन गल्लोगल्ली फिरायला लागली. "टाकीऽऽय, पाट्या-वरवंट्याला टाकीऽऽ!" शाळेला सुट्टी असली की मी बरोबर. सहावीत असताना एका घरी बोलावलं तर ते माझ्या वर्गातल्या मुलीचं घर निघालं. तिच्या आईनं पाटा अंगणात आणून ठेवला. अम्मानं टाकी लावली. काम झाल्यावर त्या बाईनं पाटा धुतला. ते बरोबरच, दगडाचा भुगा राहतो. पण मग आम्ही बसलो होतो ती फरशीही धुतली. आम्ही तिथंच उभ्या होतो. पाणी आमच्या पायांवरून गेलं. ती मुलगी दारातून बघत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं मला "ए टाकी" म्हणून हाक मारली. सगळा वर्ग हसला.

अपमान त्या बाईनं केला. पण मी त्यातून शिकले ते भलतंच. मी अम्माच्या मागं दहा पावलं चालायला शिकले. लोकांना वाटावं, ही पोर हिच्याबरोबर नाही.

पुढं चित्रकलेचा डिप्लोमा केला. फी अम्मानं भरली. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. आडनाव बदललं, आणि त्या आडनावाआड मी जाऊन बसले. नवऱ्यानं कधी लपव म्हटलं नाही. सासरच्यांनीही नाही. केंद्रात मला जात कुणी विचारली नाही, मी सांगितली नाही. माहेर कुठलं विचारलं की म्हणायची, "इथलंच, सोलापूरचं." पुढं विषय बदलायची.

त्या प्रदर्शनाआधी केंद्राचा शिपाई टाकीवाली शोधत आमच्या वस्तीत गेला. घरोघरी मिक्सर आले. टाकी लावणाऱ्या बायका उरल्यात किती? अम्मा आपणहून हो म्हणाली. रात्री मला फोन केला.

"तुजं हापिस बगून व्हईल की."

अकरा वर्षं मी तिथं होते. तिला एकदाही नेलं नव्हतं. मग तीच म्हणाली, "भिऊ नगं. तुजी कोन हाय त्ये न्हाय सांगायची मी."

मी म्हणायला हवं होतं, सांग. बिनधास्त सांग.

मी म्हणाले, "ऊन फार आहे. पाणी घेऊन ये बरोबर."

त्या प्रदर्शनाला बाहेरगावचे एक शिल्पकार आले होते. केंद्राच्या बागेत उभं करायचं मोठं शिल्प त्यांच्याकडं होतं. पुरुषभर उंचीचा काळा दगड, बीच्या आकाराचा. अम्माचे ठोके बघून ते खालीच बसले तिच्याशेजारी. म्हणाले, दगडाची कातडी मला अशीच पाहिजे.

दीड महिना अम्मा केंद्रामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होती. आकार मशीननं काढला तो शिल्पकारांनी. वरचा ठोका न् ठोका अम्माचा. पायापासून शेंड्यापर्यंत. एकदा तिनं मशीन थांबवायला लावलं. दगडावर बोटाचं हाड वाजवून म्हणाली, "सायेब, हितं दगूड बद बोलतुया. आत चीर हाय. हितं मशीन लावू नगा, फुटंल." त्यांनी ऐकलं. म्हणून तो दगड आज उभा आहे. माणूस समंजस होता, हे कबूल करायला पाहिजे. दीड महिना मी रोज शेडवरून जायची. आत एकदाच गेले. इतरांबरोबर, बघायला म्हणून.

शिल्प उभं राहिलं. पितळी पाटी करायची ठरली. अक्षर माझं. मी कागदावर लिहायचं, त्यावरून कारागीर कोरणार. सरांनी मजकूर सांगितला.

शीर्षक : बीज. मग शिल्पकारांचं नाव. मग माध्यम : काळा दगड.

"थांबा," सर म्हणाले. "त्या बाईचं कामही यायला पाहिजे. स्वल्पविराम द्या. टाकीकाम."

मी स्वल्पविराम दिला. टाकीकाम लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं.

नाव घालू या का, एवढं साधं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सर म्हणाले असते, तुम्हाला तिचं नाव बरं लक्षात आहे. एवढ्या भीतीनं मी माझ्या आईला दगडाच्या पंगतीत बसवलं.

पाटी लागली त्या दिवशी अम्मा बघायला आली. बागेत आम्ही दोघीच.

"काय लिवलंय गं?"

"तुझं नाव."

"व्हय? कुटं?"

अम्माला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरलं आणि 'टाकीकाम' या शब्दावर ठेवलं. "इथं. यल्लव्वा."

तिनं ती चार अक्षरं बोटानं चाचपली. डावीकडून उजवीकडं. पुन्हा एकदा. "लई ब्येस काडलंस," म्हणाली.

असं मी केलंय.

चार वर्षं ती लोकांना घेऊन यायची. बाग सगळ्यांना खुली. वस्तीत कुणाकडं पाहुणा आला, नवी सून आली, की अम्मा त्यांना रिक्षात घालून आणायची. दगड दाखवायची. मग पाटी. बरोबर त्याच शब्दावर बोट ठेवायची. जागा पाठ झाली होती तिला. पाटी कुणी वाचत बसायचं नाही, तिचं बोट बघून मान डोलवायचे. मी वर्गाच्या खिडकीतून बघायची आणि मुलांना म्हणायची, आभाळ निळंच पाहिजे असं नाही, कुठलाही रंग द्या.

यंदा केंद्राच्या वर्धापनदिनाला सरांनी टूम काढली. माझ्या वर्गातल्या मुलांनी बागेतल्या शिल्पांपाशी उभं राहून पाहुण्यांना माहिती सांगायची. मजकूर मी लिहून दिला, मुलांनी पाठ केला. 'बीज'पाशी सान्वी उभी होती. दहा वर्षांची. चुणचुणीत.

त्याच दिवशी अम्मा वस्तीतल्या सहा-सात बायका घेऊन आली.

मी खिडकीत होते. खिडकी उघडी होती.

सान्वीनं घडाघडा म्हणून दाखवलं. शिल्पकारांचं नाव, गाव, दगड कुठला. अम्मा मान डोलवत ऐकत होती. मग पुढं झाली.

"आनि माजं नाव वाच की, बाळ. हितं हाय बग."

सान्वी वाकली. "आजी, इथं 'टाकीकाम' लिहिलंय."

"त्येच्या फुडं?"

"पुढं काही नाही."

"यल्लव्वा न्हाय?"

सान्वीनं वरपासून खालपर्यंत सगळी पाटी पुन्हा वाचली. ओठ हलवत. "नाही आजी. कुठंच नाही."

बायकांतली एक फिस्सकन हसली. "अगं बया! चार वरसं काय दावत व्हतीस गं आमास्नी?"

अम्मानं पाटीवरचं बोट काढलं. खिडकीकडं बघितलं. सरळ माझ्याकडं. बायकांना घेऊन फाटकातून निघून गेली.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, 'बीज'च्या पाटीवर यल्लव्वाचं नाव घालायला पाहिजे."

"आज? मॅडम, पाहुणे आलेत."

"आजच."

"अहो, असं केलं तर उद्या क्रेनवाला येईल, माझंही नाव घाला म्हणून." सर हसले. "तुम्ही एवढं का मनाला लावून घेताय? तुमची कोण लागते ती?"

"आई."

सरांचा चेहरा खरोखर उतरला.

"अहो, मग आधी सांगायचं ना! आम्ही त्यांना खुर्ची दिली असती."

सर वाईट माणूस नाहीत. मनापासून बोलले. म्हणूनच ते वाक्य माझ्या आरपार गेलं. चित्रकलेच्या मॅडमच्या आईला खुर्ची. यल्लव्वाला पोतं. आणि हा नियम काही एकट्या सरांचा नव्हता. मी तो जन्मभर पाळत आले होते. त्यांच्यापेक्षा कडक.

"एक करू," सर म्हणाले. "छोटं कार्ड लावू शेजारी. विशेष आभार म्हणून. तुमच्या मातोश्रींचं नाव घालू."

"माझी आई म्हणून नको, सर."

"मग कशासाठी?"

"तिनं काम केलंय म्हणून."

"ते आलंय की पाटीवर."

मी उठले. वर्गात मुलांच्या चित्रांच्या चौकटी भिंतीला लावायचा स्क्रू-ड्रायव्हर होता, तो घेतला. भर दुपारी, पाहुण्यांसमोर, पाटीचे चार स्क्रू काढले. शेवटचा गंजला होता, त्याला वेळ लागला. कुणी अडवलं नाही. दुरुस्ती चाललीय असं वाटलं असेल. सान्वी रडवेली होऊन जवळ आली.

"मॅडम, माझं चुकलं का?"

"नाही. तू बरोबर वाचलंस. मीच खोटं लिहिलं होतं."

पाटी पिशवीत घालून मी वस्तीत गेले. अम्मा दारात ज्वारी निवडत बसली होती. बस म्हणाली नाही.

"अम्मा, चुकलं माझं."

तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या दिशी तू बाई म्हनलीस, मी मॅडम म्हनली. तुजी लाज मी झाकली. आईनं झाकायचीच आसती. पर माजं बोट धरून खोटं बोललीस. मला वाचाया येत न्हाय म्हनून. आंधळ्याच्या हातात कुनी आसं दगूड देतं व्हय, भाकरी म्हनून?"

"अम्मा..."

"मला नगं सांगू. ज्या बायांम्होरं मी खोटी पडली, त्यास्नी सांग. जा."

मी गेले. दर दारात उभी राहून सांगितलं. यल्लव्वा खोटं बोलत नव्हती, मी तिला फसवलं. तिची लेक असून, तिथंच नोकरी करत असून, मी तिला ओळख दिली नाही. काही जणींनी ऐकून घेतलं. एकीनं मी बोलत असतानाच दार लोटलं. "जाऊ दे पोरी" असं एकही म्हणाली नाही. दुपारी हसली होती ती म्हातारी तेवढी म्हणाली, "रडू नगं. फुडं काय करनार त्ये सांग."

पुढं काय करणार ते लिहिते.

केंद्राचं पत्र आलंय. मालमत्तेला हात लावल्याबद्दल लेखी खुलासा द्या आणि पाटी परत करा. वर्ग तूर्त बंद. खुलासा मी दिला आहे. पाटी मी काढली. ती परत मिळणार नाही. नवी लावायची असेल तर दोन नावांची लावा. एका ओळीत, सारख्या अक्षरांत. शिल्पकारांनाही तसंच कळवलंय. त्यांचं उत्तर अजून नाही.

अम्मा माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं म्हणून मी हे करत नाही. ती कधीच बोलली नाही तरी हे करायचंच आहे.

दोन नावं लागेपर्यंत दर रविवारी मी त्या दगडापाशी उभी राहणार आहे. येईल त्याला सांगणार आहे, हे ठोके कुणाचे. हाकलायचं असेल तर हात धरून हाकलावं लागेल, पाहुण्यांच्या देखत. आणि कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर तेही सांगेन. वडाराची आहे. यल्लव्वाची लेक आहे. इथं खोटी पाटी लिहिली होती, ती मी.