अठ्ठावन्न वेढे

सत्तरच्या दशकात आमच्याकडे लग्नाच्या पोरांचे दोनच प्रकार असत, पर्मनंट आणि टेंपररी. रंग, उंची, स्वभाव ही चौकशी मागाहून. मी पर्मनंट होतो. वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून, सिंदी मेघेत भाड्याची खोली, दर शनिवारी एसटीनं सेलूला घरी. मुलीचा मामा हिंगणीहून मला पाहायला आला तो घरी नाही, थेट कचेरीत. खिडकीतून डोकावला, मी खरंच तिथलाच आहे का ते चपराशाला विचारलं आणि मला न भेटताच निघून गेला. गावी जाऊन त्यानं एवढंच सांगितलं की पोराच्या डोक्यावर पंखा आहे. झालं! साक्षगंध उरकलं, लग्न पुढच्या वैशाखातलं ठरलं. तो पंखा महिन्यातले वीस दिवस बंद असायचा, हे मामाला कोण सांगणार.

माझं काम सांगतो. पत्र आलं की शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात चढवायचं आणि पुढच्या टेबलावर सरकवायचं. उत्तर निघालं की पुन्हा शिक्का, नंबर, पाकीट. चार वर्षांत मी एक पत्र धड वाचलं नव्हतं. एकदा कुणा म्हातारीचा अर्ज हाती लागला म्हणून वाचत बसलो, तर हेडक्लार्क खेकसले, तुम्ही नंबर टाका, काळजी करायला वेगळं टेबल आहे. माझं डोकं असं सणकलं की त्या दिवशी मी शाई उडेपर्यंत शिक्के हाणले. सगळ्यांना वाटलं, पोरगं कामाला लागलं.

मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिनं चिवडा-चहा ठेवला आणि सगळ्यांसमोर सरळ विचारलं, नंबर टाकल्यावर त्या पत्राचं पुढं काय होते? बाकीचे हसले. मला ते ठाऊकच नव्हतं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी ती मला फार आवडली. तिच्या वडिलांनी मात्र एकच विचारलं, नोकरी पक्की आहे ना?

पक्कीच होती. पण त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक लफडं होऊन बसलं होतं. बाई नव्हे, मोटर. आमच्या विहिरीवरची मोटर जळली आणि बाबांनी ती मला सेलूच्या बसस्टँडमागच्या मिस्त्रीकडे पोचवायला लावली. त्या दिवसांत गावोगाव लाइन नवी आलेली, व्होल्टेज कधी असायचं, कधी नुसतं असल्यासारखं वाटायचं, आणि रब्बीत मोटरी भुईमुगासारख्या भाजून निघायच्या. मिस्त्री साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मोटर उघडायच्या आधी ते तिचा वास घ्यायचे. मी म्हणालो, जळल्याचा वास तर मलाही येतो. ते म्हणाले, "तुले जळल्याचा येते. मले काऊन जळली त्याचा येते."

मी तिथंच बसलो. संध्याकाळची एसटी गेली तरी बसलो होतो.

जुनी तार काढायची, खाचा साफ करायच्या, खाचेत कागद घालायचा, मग लाकडी फर्म्यावर नव्या तांब्याच्या तारेची गुंडाळी करून ती खाचांत बसवायची. याला मोटर भरणं म्हणायचे. आमच्या आणि गावोगावच्या तसल्याच मोटरींच्या एका गुंडाळीत अठ्ठावन्न वेढे असत. सत्तावन्न नाही, एकोणसाठ नाही. एक चुकला तरी मोटर बोंबलणार. म्हणून त्या दुकानात एक कायदा होता. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही आणि मोजणाऱ्यानं बोलायचं नाही. मिस्त्री मोठ्यानं मोजायचे आणि कोणीही आलं तरी नुसतं बोट वर करायचे. सरपंच थांबायचे, जमादार थांबायचे. एकदा मिस्त्रीची बायको डबा घेऊन आली, तीही छत्तीस ते अठ्ठावन्न उभी राहिली, आणि त्या माऊलीपुढं एरवी कोणाची टाप नव्हती.

दर रविवारी मी तिथं जाऊ लागलो. रविवार पुरेना, तेव्हा किरकोळ रजा. रजेला कारण लागतं, म्हणून माझ्या धडधाकट बापाला मी अर्जात दोनदा कावीळ आणि एकदा टायफॉइड दिला. गंमत अशी की त्या अर्जांवर आवक नंबर मीच टाकायचो.

माझ्या हातची पहिली मोटर सुरू झाली तेव्हा मी विहिरीवर हजर होतो. पाइपातून आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्या शेतकऱ्यानं धारेखाली हात धरला आणि हसला. मला इतका आनंद झाला की मी उगाच त्याच्या बैलाची पाठ थोपटली. चार वर्षांत माझ्या शिक्क्यामुळं कोणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

इथून घोळ सुरू झाला. नोकरी सोडावी तर लग्न मोडणार, कारण मुलगी पंख्याला दिली होती, मला नाही. न सोडावी तर तीस वर्षं शिक्के. बाबा म्हणाले, आधी लगीन उरकून घे, मंग कर काय करायचं ते. ते मला पटेना. जिनं एवढा खरा प्रश्न विचारला तिला फसवून घरात आणायचं? पण जाऊन खरं सांगायची छातीही होईना. मी आपला एक रविवार ढकलत पुढच्या रविवारची वाट पाहायचो.

कार्तिकातला तो असाच एक रविवार. मिस्त्री तार आणायला गेले होते. मी बनियनवर, कोपरापर्यंत काळा, फर्मा फिरवत बसलो होतो. एकेचाळीस झाले आणि दारात सावली पडली. वर पाहिलं तर होणारे सासरे. मागं त्यांचा गडी, त्याच्या खांद्यावर जळकी मोटर.

ते दोन पावलं पुढं आले, वाकून माझं तोंड पाहिलं. "जवाईबापू? तुमी इथं काय करून राह्यले?"

मी म्हणालो, "बेचाळीस."

आता काय सांगू तुम्हाला! थांबलो तर गुंडाळी वाया जाणार होती, न थांबलो तर बायको. हात फिरतच राहिला. सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, नोकरी सुटली काय? मी म्हणालो, पंचेचाळीस, आणि बोट वर केलं. सासऱ्याला बोट दाखवणारा जावई आमच्या पंचक्रोशीत पहिला मीच असेन. गडी बिचारा मोटर खाली ठेवायचंही विसरला. मग काय झालं कोण जाणे, म्हातारा स्टुलावर बसला आणि माझा हात पाहू लागला. अठ्ठावन्न झाले, मी तार तोडली, गाठ मारली, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. काविळीसकट.

त्यांनी गड्याला मोटर खाली ठेवायला लावली. मग म्हणाले, "आमी पोरगी नोकरीवाल्याले देल्ली." मोटर तिथंच ठेवली आणि निघून गेले.

मिस्त्री परत आल्यावर त्यांना सांगितलं. मला वाटलं, शिव्या बसतील. त्यांनी सासऱ्यांच्या मोटरचा वास घेतला आणि ती माझ्याकडे सरकवली. तूच भर, म्हणाले. मी ती अशी भरली, जणू मुंडावळ्या गुंफतोय. फक्त एक चूक केली. व्हार्निश लावल्यावर मिस्त्री म्हणाले, अजून दोन दिवस सुकू दे. मला कुठला धीर! गहू पाण्यावाचून उभा आहे, सासरा तोडायच्या बेतात आहे. मी दुसऱ्याच दिवशी मोटर एसटीच्या टपावर चढवून हिंगणीला पाठवून दिली.

आठवड्यानं कचेरीच्या पत्त्यावर माझ्या नावाचं पाकीट आलं. सवयीनं शिक्का मारला, नंबरही टाकला, मग पाकिटावर हिंगणीचा शिक्का दिसला आणि ते फोडलं. चार वर्षांत शेवटपर्यंत वाचलेलं ते माझं पहिलं पत्र. दहादा वाचलं. तिनं लिहिलं होतं, "बाबा सोयरीक मोडायचं म्हणतात. मी त्यांना शिमग्यापर्यंत थांबवलं आहे. तुम्ही आताच राजीनामा देऊ नका. बिनपगारी रजा मिळत असेल तर घ्या आणि पुरी रब्बी हेच काम करून पाहा. रविवारचा शौक आणि रोजचं काम यात फरक असतो. आमची मोटर शिमग्यापर्यंत चालली तर मी बाबांशी बोलेन. न चालली तर तुम्ही कचेरीतच बरे. पत्र फाडून टाकावे."

फाडून कसलं टाकतो! अजून पेटीत आहे, आवक नंबरासकट.

तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला आधी राग आला. मग बिनपगारी रजेचा अर्ज केला. हेडक्लार्कनी मला समोर बसवून पेन्शनवर असं प्रवचन झोडलं की त्यात मी म्हातारा झालो, आजारी पडलो, मेलो आणि मागं राहिलेल्या बाईला महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डरही सुरू झाली. लग्न व्हायचं होतं अजून! पण सही केली त्यांनी. वाईट माणूस नव्हता.

त्या रब्बीत मला कळलं की शौक किती वेळ टिकतो. बोटांना तारेच्या चिरा, डोळ्यांत व्हार्निशची झणझण, आणि दारात चार शेतकरी, चौघांचीही मोटर आधी. दोन मोटरी परत आल्या, त्या मी मुकाट्यानं पुन्हा भरल्या. एकदा तर वैतागून फर्मा फेकला. मिस्त्रींनी उचलून आणला, पुढ्यात ठेवला, आणि विचारलं की उद्या किती वाजता येशील. मी म्हणालो, सातला. कचेरीत मी कधी अकराच्या आत गेलो नव्हतो.

हिंगणीहून मात्र काही खबर नाही. तिकडून येणाऱ्या गाडीवर मोटर दिसली की ती कुणाची ते पाहायला मी धावायचो. पौष गेला, माघ गेला. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः दुकानात आले. मी मोजत नव्हतो, तरी ते थोडा वेळ उभेच राहिले. मोटर मस्त चालून राह्यली, म्हणाले. मग आणखी एक वाक्य, लग्नाची तारीख तीच. मला उठून नाचावंसं वाटलं, पण हात व्हार्निशमध्ये होता.

राजीनामा मी स्वतः लिहिला, स्वतः शिक्का मारला, स्वतः नंबर टाकला आणि पुढच्या टेबलावर सरकवला. पुढं काय होतं ते या वेळी मला माहीत होतं. लग्नात सासऱ्यांनी आंदणात टेबलफॅन दिला. डोक्यावर नाही तर बाजूला तरी असू द्या, म्हणाले. मामानं तोंड फिरवलं.

मिस्त्री थकले आणि दुकान माझ्याकडे आलं, आणि आम्ही त्याच्या मागच्याच खोलीत राहायला आलो. लोक विचारायचे, सरकारी नोकरीवर लाथ मारायची हिंमत कुठून आली? मी छाती फुगवून सांगायचो, माझ्या हातची एक मोटर हिंगणीला पाहून या, एका भरणीत वर्षानुवर्षं चालते आहे. किती जणांना सांगितलं असेल, गणती नाही. बायको ऐकून खूश व्हायची.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर ती मोटर एकदाची जळली. सासरे ती घेऊन आले. मी कौतुकानं उघडली आणि थिजलो. गुंडाळ्या बांधलेल्या दोऱ्याची गाठ माझी नव्हती. आमचे मिस्त्री गाठीला दुहेरी फास घेत, मीही तसाच घेतो. इथं साधी गाठ होती, आणि खाचेतला कागदही आमच्या दुकानचा नव्हता. म्हणजे माझी भरणी केव्हाच जळली होती, आणि कोणीतरी ती काढून दुसरी घातली होती.

मी वर पाहिलं. सासरे स्टुलावर बसून पान लावत होते.

मी विचारलं, कधी जळली? ते म्हणाले, पंधराव्या दिवशीच. धूर निघाला. वर्ध्याले नेऊन भरून आणली. पोरीले सांगतलं, पाइप बदलाले गेलतो.

मला तोंड दाखवायची लाज वाटली. नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या हातच्या भरणीवर छाती फुगवून फिरत होतो. एवढंच विचारू शकलो की काऊन, तुम्हाला तर सोयरीक मोडायचीच होती.

पानाला चुना लावत ते म्हणाले, "मी समोर उभा होतो तरी तुमी मोजणं सोडलं नाई. हात कच्चा होता, तो पक्का झाला असता. मंग पोरीचं काऊन मोडू?" मग थोडं थांबून म्हणाले, तिले सांगू नका.

मी जुनी तार काढली, खाचा साफ केल्या, कागद घातला, फर्मा घेतला. त्यांनी विचारलं, परवा भेटंन काय, हरभरा सुकून राह्यला. मी म्हणालो, चार दिवस सुकू देईन, त्याआधी नाही. मग मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात बायको आतून चहा घेऊन आली आणि विचारू लागली, एवढी वर्षं चालणारी मोटर अशी कशी जळली? मी होतो तेविसावर. सासऱ्यांनीच बोट वर केलं, आणि ती अठ्ठावन्न होईपर्यंत कप हातात धरून उभी राहिली.