वाटून घेतलेला पेपर

नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेतला सामान्य अध्ययनाचा तिसरा पेपर आम्ही दोघींनी अर्धा अर्धा वाटून घेतला होता. अर्थव्यवस्था आणि पर्यावरण माझ्याकडे, तंत्रज्ञान आणि सुरक्षा तिच्याकडे. आठवडाभर जिनं तिनं आपला भाग वाचायचा आणि रविवारी दुसरीला शिकवायचा, असं ठरलं होतं. पुण्यात सदाशिव पेठेत तेव्हा नोट्स विकत घेणारे होते, दुसऱ्याच्या नोट्सची झेरॉक्स काढून परत न देणारेही होते; पण अभ्यासच असा शेतीसारखा वाटून घेणाऱ्या आम्हीच. आपण फार हुशारी केली असं आम्हाला वाटत होतं. पुढे मी नागरी सेवेत आले, पण ते सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला तिच्या अर्ध्याबद्दल लिहायचं आहे.

मी अमरावतीकडची, अर्थशास्त्र घेऊन बीए झालेली. ती लोणी काळभोरची, शेतकऱ्याची पोर, इंजिनिअर. तिचं गाव बसनं तासाभरावर होतं, पण घरी राहिलं की चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं तिच्याच अंगावर यायचं. म्हणून ती सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं देऊन, माझ्या खोलीत आली. अभ्यासिकेत बोलायची बंदी असल्यामुळे आमची शिकवणी मालकीणबाईंच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत चालायची. मालकीणबाई कपडे वाळत घालायला वर यायच्या आणि कान आमच्याकडे ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, अभ्यास अर्धा अर्धा करताय, मग पगारही अर्धा अर्धाच घेणार असाल."

ती शिकवायला बसली की मजा यायची. संदेश सांकेतिक कसा होतो, चोर बँकेच्या नावानं फोन करून माणसाला कसा गंडवतो, हे ती हातवारे करून सांगायची. मी मध्येच "मले नाही समजलं" म्हटलं की कपाळाला हात लावायची. "अगं येडे, सोप्पं हाय ते." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. माझं शिकवणं तसं नव्हतं. मी मुद्दे सांगायचे: कारणं, परिणाम, आव्हानं, उपाययोजना. उदारीकरण शिकवलं तेव्हा ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी देशाची दारं उघडली तवा आपण रांगत हुतो. आता आपण धावतोय, तर दारात ही गर्दी."

नदीचं प्रदूषण शिकवताना मात्र आमची जुंपली. मी सांडपाणी, प्रक्रिया केंद्रं, अंमलबजावणीतल्या त्रुटी असं ओळीनं सांगत होते. ती म्हणाली, "आमच्या रानाच्या कडंनंच वाहती की ती. हे पुणं सकाळी जे सोडतं, ते आमच्याकडं फेस होऊन येतं. माझी आई त्या पाण्यात हात घालत न्हाई, पण ऊस त्याच्यावरच हाय." मी म्हटलं, उत्तरात घरचं काही लिहायचं नसतं, सर्वसाधारण लिही. तिनं सराव म्हणून लिहिलेल्या उत्तरातली ती ओळ मी लाल पेननं खोडली. मला तेव्हा हे अगदी बरोबर वाटत होतं, आणि क्लासमध्येही असंच शिकवायचे.

मग मुख्यच्या आधीची पूर्व परीक्षा झाली; विषय तिथेही हेच असतात. पूर्वमध्ये चार पर्यायांतला एक निवडायचा असतो आणि चुकलं की असलेले गुणही जातात. तिथे रविवारी गच्चीवर कानांवरून गेलेलं ज्ञान पुरत नाही. त्या वर्षी पर्यावरणाचा नुसता पाऊस पडला होता. पाणथळ जागा, गवताळ प्रदेश, कुठले कुठले करार, आणि जोडीला बँका आणि व्याजदर. सुरक्षेचं जवळपास काही नव्हतं, तंत्रज्ञानही चिमूटभर. निकाल आम्ही अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर पाहिला. माझा क्रमांक होता, तिचा नव्हता. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती.

"तुझ्या वाट्याचं पडलं," ती म्हणाली. एवढंच. आवाजात राग नव्हता. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या जागी मी असते तर सगळी पुस्तकं लकडी पुलावरून खाली फेकली असती आणि वाटणी करणारीलाही सोबत ढकललं असतं.

काही दिवसांतच तिला खराडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली. परदेशातल्या बँकांच्या संगणकांवर कोणी हल्ला करतंय का, हे पडद्यावर बघत बसायचं काम. राहायची सोयही तिकडेच, बरोबरच्या मुलींसोबत. ती गादी गुंडाळायला लागली आणि माझा तोल गेला. मुख्य परीक्षा डोक्यावर आली होती आणि तंत्रज्ञानातलं मला काही म्हणजे काही स्वतःहून येत नव्हतं. मी ओरडले, "जा बाप्पा! अर्धा पेपर घेऊन चालली तू!"

ती गादीला दोरी बांधत होती. "पेपर कुठं घिऊन जाती? रविवारी येती की."

आणि आली. आठवडाभर रात्रपाळ्या करून डोळे तांबारलेले असायचे, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत असायचं, पण आली. आता तिच्या शिकवण्यात पुस्तक कमी आणि पडद्यावर पाहिलेलं जास्त असायचं. पहिल्या रविवारी तिचा भाग संपला, मी वही मिटली, तर म्हणाली, "आता तुझं."

"माझं काय? तुले आता कायले पाहिजे बँका अन् जंगलं?"

ती म्हणाली, "मला एकदा सगळा पेपर यायला पायजे. मी नापास झाले ती वाटणीमुळं झाले का माझ्यातच कमी हुतं, एवढं कळू दे. न्हाईतर जलमभर टोचत राहील."

मी वही उघडली आणि शिकवायला लागले. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी जितकं मन लावून शिकवलं तितकं आयुष्यात काही केलं नसेल. माझी परीक्षा आणि तिची परीक्षा, दोन्हींची तयारी एकाच टाकीखाली चालली होती, आणि तिच्या परीक्षेला केंद्रच नव्हतं.

मुख्य परीक्षेसाठी मी मुंबईला नातेवाइकांकडे गेले. तिनं बजावलं होतं, "तिसऱ्या पेपरची प्रश्नपत्रिका जपून आण. मी नेटवर बघणार न्हाई." तिसऱ्या पेपरच्या दिवशी दुपारपर्यंत तो पेपर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. तिनं फोनच बाजूला ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

पेपरांच्या मधल्या सुट्टीत, रविवारी, मी पुण्यात परतले. ती आधीच गच्चीवर येऊन बसली होती. मी प्रश्नपत्रिका दिली. तिनं ती मांडीवर पसरली आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न वाचून मोठ्यानं उत्तराचे मुद्दे सांगायला लागली. तिच्या भागात ती थांबणार नव्हतीच. पण माझ्या भागातही थांबली नाही. तुटीचा प्रश्न, शेतमालाच्या बाजाराचा प्रश्न, सगळं माझ्याच क्रमानं, माझ्याच उदाहरणांनी. मालकीणबाई वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या. त्या कपडे हातात घेऊन दोरीपाशीच उभ्या राहिल्या.

मग नद्यांच्या प्रदूषणावरचा प्रश्न आला. माझा स्वतःचा, पाठ असलेला प्रश्न. परीक्षेत मी तिचा भाग आधी लिहायला घेतला होता, कारण तिनं शिकवलेलं विसरायची भीती वाटत होती, आणि वेळ संपल्यामुळे हा कोराच राहिला होता. मी तिला ते सांगितलं नाही. तिनं सांडपाणी सांगितलं, प्रक्रिया केंद्रं सांगितली, अंमलबजावणी सांगितली. मग अडखळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "इथं फेसाचं लिहिलं असतं. आईचं आन् उसाचं. चाललं असतं का गं?"

"चाललं असतं," मी म्हणाले. "तेच लिहायला पाहिजे होतं. मी उगाच खोडलं."

तिनं मान हलवली. उरलेले प्रश्न संपवले, प्रश्नपत्रिकेची घडी घातली आणि त्या घडीवर तळहात ठेवला.

"म्हंजी सगळा आला असता," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त." आणि मला रडू आवरेना.

तिनं घडी ऑफिसच्या पिशवीत टाकली आणि माझा हात धरून मला उठवलं. "रडतीस काय? तुझे अजून दोन पेपर ऱ्हायलेत," ती म्हणाली. "माझा झाला."